ढील देणाऱ्या हातासाठी: दोन दोऱ्यांचा स्टंट पतंग कसा निवडावा आणि कसा खेळवावा

संक्रांतीला ज्याने गच्चीवर पेच खेळले आहेत, त्याला ढील आणि खेच यांतला फरक बोटांनीच कळतो. दोन दोऱ्यांच्या स्टंट पतंगाची निम्मी विद्या तिथेच आहे. हा पतंग वर चढवून बांधून ठेवायचा नसतो. तो डावीकडे, उजवीकडे, जमिनीला घासून, उलटा, पाठीवर, हवा तसा फिरवता येतो, कारण त्याच्या दोन पंखांना दोन वेगळ्या दोऱ्या असतात आणि त्या तुमच्या दोन हातांत असतात. पण ज्या करामतींसाठी लोक तो घेतात, म्हणजे जागच्या जागी गिरकी, पाठीवर पडून तरंगणं, स्वतःच्याच दोरीत गुंडाळून पुन्हा सुटणं, त्या सगळ्या दोरी सैल असतानाच होतात. हाताने झटका द्यायचा आणि त्याच क्षणी ढील सोडायची. नवशिक्याचं सगळं अडतं ते ढिलीवर, कारण भीतीपोटी तो दोरी ताणूनच धरतो.

पतंग घेताना काय पाहायचं

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी हा पतंग दुकानात मिळेल अशी आशा धरू नये. तो ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून काय मागवतोय हे आधी नीट ठाऊक हवं. ‘ड्युअल लाइन’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे सव्वा मीटर रुंदीचा, फायबरग्लासच्या काड्यांचा, झगझगीत शेपट्यांचा खेळण्यातला पतंग. तो वेगात गोल गोल फिरतो, लहान मुलांना आवडतो, पण त्याच्याकडून करामत होत नाही. काड्या जड आणि लवचीक, आकार लहान, त्यामुळे तो हवेत थांबतच नाही. थांबला नाही की पुढचं काही नाही.

करामतीचा पतंग असा असतो. दोन पंखांच्या टोकांमधलं अंतर २ ते २.४ मीटर. सांगाडा कार्बनच्या पोकळ नळ्यांचा. कापड रिपस्टॉप, म्हणजे चौकटीच्या विणीचं, ज्यात भोक पडलं तरी फाट पुढे पळत नाही. वजन साधारण २५० ते ३३० ग्रॅम. मागच्या बाजूला आडव्या दांडीपासून कापडाकडे जाणारे बारीक टेकू असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. कापडाला पोट येतं ते यांच्यामुळेच. पुढच्या कडांवर छोटे प्लास्टिकचे अडथळे बसवलेले असले तर उत्तम. त्यांना यो-यो स्टॉपर म्हणतात, आणि पतंग दोरीत गुंडाळला की दोरी घसरून खाली जाऊ नये म्हणून ते लागतात. कण्याच्या शेवटी ५ ते २० ग्रॅमचं वजन बसवायची सोय आहे का, हेही विचारा. पाठीवरच्या करामतींमध्ये हे शेपटाचं वजन पतंगाला सहज उलटवतं.

कन्नी बदलता येण्याजोगी हवी. आपल्या साध्या पतंगाची कन्नी दोन भोकांतून जाते, इथे प्रत्येक पंखाला तीन पायांची वेगळी कन्नी असते, आणि तिची गाठ वरखाली सरकवून पतंगाचा स्वभाव बदलता येतो. गाठ पक्की शिवून टाकलेली असेल तर तो पतंग घेऊ नका.

एकच पतंग घ्यायचा असेल तर सर्वसाधारण वाऱ्याचा, ताशी ८ ते २५ किलोमीटरचा घ्या. त्याच आकाराचा हलक्या वाऱ्याचा पतंग मिळतो, २०० ग्रॅमच्या आसपासचा, आणि जोराच्या वाऱ्यासाठी कापडात जाळीच्या खिडक्या असलेलाही मिळतो. हे दोन्ही नंतर. हलक्या वाऱ्याचा पतंग पहिल्यांदाच घेतलेल्या माणसाच्या हातून महिन्याभरात नळी मोडते, कारण त्या नळ्यांची भिंत पातळ असते. पहिल्या पतंगासोबतच पुढच्या कडेच्या खालच्या भागाची एक आणि खालच्या आडव्या दांडीची एक, अशा दोन सुट्या नळ्या मागवून ठेवा. मोडतात त्या बहुतेक याच. नंतर एक नळी एकटी मागवायला गेलात तर पाठवणावळच जास्त बसते.

दोरी आणि कायदा

दोरी डायनिमाची लागते. याच प्रकारचा धागा स्पेक्ट्रा नावानेही मिळतो. वेणीसारखी विणलेली, गुळगुळीत, जवळजवळ न ताणणारी. लांबी २५ ते ३० मीटर, ताकद सर्वसाधारण पतंगाला ४० किलोची, हलक्या वाऱ्याला २३ किलोची, जोराच्या वाऱ्याला ६८ किलोची. पतंगाला सद्दी बांधून चालत नाही, कारण सुती दोरा ताणतो आणि दोन दोऱ्या एकमेकींत फिरल्या की घट्ट बसतो. डायनिमा इतकी निसरडी असते की आठ-दहा पीळ पडले तरी दोन्ही दोऱ्या एकमेकींवरून सरकत राहतात आणि पतंग हुकूम ऐकतो. पिळामुळे डावं उजवं उलटंही होत नाही. उजवी दोरी उजव्याच पंखाला जाते.

मांजाचा तर विचारही नको. काच लावलेली दोरी दुसऱ्या दोरीला टेकताच दोन्ही कापते, आणि इथे दोन्ही दोऱ्या तुमच्याच आहेत.

आता कायद्याचं नीट समजून घ्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही नायलॉन मांजाची स्वतःहून दखल घेतली आहे. डायनिमाला काच नसते आणि ती कापण्यासाठी वापरत नाहीत हे खरं, पण ती कृत्रिम धाग्याचीच आहे. आदेशाचे शब्द व्यापक आहेत. म्हणून पतंग आणि दोरी घेऊन आधी पोलीस ठाण्यात जा, दाखवा, कुठे आणि कधी उडवणार ते सांगा, आणि ते नाही म्हणाले तर उडवू नका. जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, हा पतंग बाहेर काढूच नये. त्या दिवसांत कुणाच्याही हातात चमकणारी दोरी दिसली की गाव घाबरतं, आणि ती भीती रास्त आहे. तुटलेला तुकडा, अगदी बोटभर असला तरी, खिशात घालून घरी आणा. बगळ्याच्या पायात अडकला तर तो कुजत नाही.

जागा आणि वारा

३० मीटरच्या दोरीला मोकळी जागा किमान १०० मीटर बाय १०० मीटर हवी, म्हणजे अडीच एकर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाऱ्याच्या बाजूला काय आहे. झाड, घर, धुऱ्यावरची बाभळीची रांग, यांच्या पलीकडे वारा गोंधळलेला असतो, आणि तो गोंधळ अडथळ्याच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत टिकतो. सहा मीटरच्या बाभळीमागे पन्नास-साठ मीटर जागा सोडा. तेवढ्या जागेत पतंग कधी ओढतो, कधी गळून पडतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं चूक आपलीच.

नांगरलेल्या वावरात उडवू नका. काळ्या मातीच्या ढेकळांवर नाक आपटलं की नळी मोडते, आणि मागे चालताना घोटा मुरगळतो. तूर आणि पऱ्हाटी काढलेल्या रानात खुंट राहतात, ते कापड फाडतात. सोयाबीन निघाल्यावरचं सपाट रान चांगलं, पण त्यात हरभरा लगेच पेरला जातो. ई-क्लासची म्हणजे सरकारी चराईची जमीन, गायरान, शाळेचं मोठं मैदान आणि धरणाच्या पाण्याखालून उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळपेराची जमीन या खऱ्या कामाच्या जागा. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणासारख्या मोठ्या जलाशयांच्या काठी पाणी ओसरलं की लांबच लांब सपाट पट्टे मिळतात, आणि पाण्यावरून येणारा वारा सलग असतो. गाळ वरून कोरडा, आतून ओला असतो, म्हणून आधी चालून पाहा. भंडारा-गोंदियाकडे धान निघालेल्या बांध्या मोकळ्या असतात, पण त्यांचे बांध जवळजवळ असल्याने मागे सरकताना पाय अडखळतो. एकाच मोठ्या बांधीत मावेल अशी २० मीटरची दोरी तिथे बरी. गोखरू आणि कुसळ असलेल्या गवतात पतंग उतरवू नका. कुसळ कापडाच्या शिवणीत शिरतं आणि ओढून काढताना धागे निघतात.

वारा मोजायला यंत्र लागत नाही. कडुलिंबाची पानं सळसळतात आणि चेहऱ्याला वारा जाणवतो तेव्हा तो ताशी ६ ते ११ किलोमीटर. बारीक डहाळ्या सतत हलतात, देवळावरचा झेंडा उलगडून राहतो, तेव्हा १२ ते १९. शिकायला हाच. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलू लागल्या की २० ते २८, म्हणजे सर्वसाधारण पतंगाची शेवटची हद्द. लहान झाडं डोलायला लागली की पतंग गुंडाळा.

आपल्याकडचा सगळ्यात चांगला वारा मिरगाच्या आसपास सुरू होतो. पश्चिमेकडून येणारा, एकाच दिशेचा, तासन्‌तास टिकणारा. पावसाची उघडीप असेल तेव्हा जुलै-ऑगस्टची संध्याकाळ सोन्याची. एप्रिल-मेचा दुपारचा वारा मात्र फसवा असतो. तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते, एक मिनिट शांत तर दुसऱ्या मिनिटाला वावटळ. त्या दिवसांत साडेचार-पाचनंतर जा, जमीन निवू लागली की वारा जरा सरळ होतो. हिवाळ्यात सकाळी वारा नसतोच. दहा-अकराच्या सुमारास थोडा येतो, तेव्हा हलका पतंग चालतो.

चार गोष्टी पाहिल्याशिवाय पतंग पिशवीतून काढूच नका. कार्बन विजेचा वाहक आहे, म्हणून शेतीपंपाच्या तारा, डीपी, ११ केव्हीची लाइन, काहीही वाऱ्याच्या दिशेला १०० मीटरच्या आत नको. पतंग तारेवर पडलाच तर पट्टे, म्हणजे दोऱ्यांच्या टोकांना हातात धरायच्या फिती, तिथेच सोडून द्या आणि महावितरणला कळवा, काठीने काढायला जाऊ नका. ढग गडगडले की लगेच उतरवा. दर पावसाळ्यात विदर्भात उघड्या रानात वीज पडून माणसं जातात आणि ओली दोरी ही वर नेलेली तारच. पांदण रस्त्यावर किंवा तिच्या आडवी दोरी कधीही पसरू नका, कारण मोटरसायकलवाल्याच्या गळ्याच्या उंचीवरची ताणलेली डायनिमा जीव घेते. आणि बेलोरा, बिरसी अशा विमानतळांच्या परिसरात उडवू नका. गुरं परतायची वेळ झाली की खाली उतरवून थांबा. पतंगाची फडफड ऐकून बैल बुजतो आणि त्याच्या पायात दोरी गेली तर तो ती घेऊनच पळतो.

जुळवणी

पाठ वर, नाक वाऱ्याकडे करून पतंग जमिनीवर ठेवा. आधी दोन्ही पुढच्या कडांच्या नळ्या पूर्ण बसवा, खालच्या नळीचं टोक वरच्या नळीच्या जोडात शेवटपर्यंत गेलं पाहिजे. मग खालच्या दोन आडव्या दांड्या मधल्या जोडात घाला आणि त्यांची बाहेरची टोकं कडेच्या रबरी जोडांत. हे करताना कन्नीचा एकही पाय दांडीखाली अडकू देऊ नका. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि पतंग एका बाजूला गरगरत पडला की कारण बहुतेक हेच असतं. वरची आडवी दांडी, मग टेकू. मागच्या कडेतून गेलेली बारीक दोरी एवढीच ताणा की कापड फडफडायचं थांबेल. त्याहून ताणली तर कडेला वाटी होते आणि पतंग मंदावतो.

जमिनीत एक खुंटी ठोका. दोन्ही पट्टे तिच्यात अडकवा आणि दोऱ्या वाऱ्याच्या दिशेने उलगडत जा, म्हणजे पतंग वाऱ्याखाली राहील. दोरीच्या टोकाला जाड म्यान चढवलेलं असतं. त्याचा फास करून कन्नीच्या शेपटावरच्या गाठीमागे अडकवा, हा फास ताणला की घट्ट होतो आणि सैल केला की हाताने सुटतो. डायनिमाला थेट गाठ मारू नका, गाठीच्या जागी तिची ताकद बरीच कमी होते.

नव्या दोऱ्या सारख्या लांबीच्या करणं हे पहिल्या दिवसाचं काम. दोन्हींची एकेक टोकं एकाच खुंटीला बांधा, दुसरी टोकं हातात एकत्र धरून जोराने मिनिटभर ताणा, सोडा, पुन्हा ताणा. मग टोकं जुळवून पाहा. एक सेंटीमीटरचा फरकही हाताला जाणवतो, पतंग सतत एकीकडे झुकतो. लांब निघालेल्या दोरीच्या म्यानाजवळची गाठ सोडून ती थोडी आत घ्या. पहिल्या चार-पाच वेळा उडवून झाल्यावर हेच परत तपासा, कारण दोन्ही दोऱ्या सारख्या ताणत नाहीत.

पट्ट्यांपैकी एकावर लाल दोरा बांधून तो कायम उजव्या हातात धरा.

पहिले काही दिवस: सरळ रेषा

पतंग पंखांच्या टोकांवर उभा, नाक जरासं मागे कललेलं. दोऱ्या किंचित ताणलेल्या. हात कमरेच्या उंचीवर, कोपरं अंगाजवळ. दोन पावलं मागे टाकता टाकता दोन्ही हात एकदम मांडीपर्यंत खेचा, पतंग उठेल. हात डोक्याच्या वर नेऊ नका, त्याने काही होत नाही, फक्त खांदे दुखतात. उजवी दोरी ओढली की पतंग उजवीकडे वळतो. बंडीवर बसून कासरे धरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

तुमच्यासमोर आकाशाचा एक अर्धा घुमट आहे असं समजा. मधोमध, खाली, ओढ सगळ्यात जास्त. कडांकडे आणि माथ्यावर ओढ संपते आणि पतंग हळू होतो. आठ दिवस या घुमटात फक्त हेच करा: जमिनीपासून डोक्याच्या उंचीवर आडवी सरळ रेष, टोकाला गेल्यावर वळण, परत रेष. मग चौकोन, कोपरे टोकदार. वळण घेताना ओढण्याऐवजी विरुद्ध हात पुढे ढकलायला शिका. उजवीकडे वळायचं तर डावा हात वीतभर पुढे आणि लगेच मागे. असं वळण कोपऱ्यासारखं येतं आणि दोरीत सैलपणा येतो. हा ढकलणारा हात पुढच्या प्रत्येक करामतीत लागणार आहे, म्हणून इथे घाई करू नका.

उतरवताना पतंग घुमटाच्या कडेला नेऊन नाक वर करा आणि दोन पावलं पुढे चाला. ओढ नाहीशी होते, तो पंखांवर बसतो. नाकावर आदळतोय असं दिसलं की मागे पळायचं नाही, पतंगाकडे पुढे धावायचं. मागे पळालात तर वेग वाढतो, पुढे धावलात तर दोरी सैल पडते आणि पतंग मऊ पडतो. मोडणाऱ्या नळ्यांपैकी बऱ्याचशा एवढ्यानेच वाचतात.

थांबवणं, मग गिरकी

पतंग हवेत थांबवता आला की दार उघडलं. पतंग डावीकडून उजवीकडे आडवा जातोय असं धरा, उंची आठ-दहा मीटर. नाक उजवीकडे आहे, म्हणजे डावा पंख वर आहे. मधोमध आला की डाव्या हाताने छोटा, तीक्ष्ण झटका द्या, नाक वर येईल. लगेच उजवा हात त्याच्या बरोबरीला आणा आणि दोन्ही हात पुढे सोडत अर्धं पाऊल टाका. पतंग नाक वर करून जागीच लटकतो. दोन सेकंद टिकला तरी पुरे. नाक पुढेच वळत राहिलं तर दुसरा हात उशिरा आला. पतंग वर चढायला लागला तर ढील कमी पडली. मागे कोसळला तर ढील जास्त झाली, किंवा वारा पडला. दोन्ही दिशांना, दहापैकी आठ वेळा जमेपर्यंत हेच. इथे दोन-तीन आठवडे लागतात आणि ते लागू द्यावेत.

गिरकी, म्हणजे अ‍ॅक्सल, ही पहिली खरी करामत. पतंग पोटावर आडवा होऊन स्वतःभोवती एक पूर्ण चक्कर घेतो. पतंग थांबवा. डाव्या दोरीला अगदी हलकं ओढून नाक थोडं डावीकडे कलू द्या, आता उजवा पंख वर आहे. उजव्या हाताने, मनगटातून, वीतभर झटका द्या आणि हात तिथे थांबवू नका, तो त्याच दमात पुढे फेका, सोबत डावाही. दोन्ही हात पतंगाकडे ताणलेले, पाऊल पुढे. सेकंदभर दोऱ्या लोंबकळतात आणि पतंग त्यांच्यावरून फिरतो. नाक परत वर आलं की हळूच दोरी उचला.

चुका इथे ठराविक असतात. पतंग आडवा न होता नुसता वळला, तर तो थांबलाच नव्हता, दोऱ्या ताणलेल्या होत्या. अर्धी चक्कर घेऊन अडकला, तर झटक्यानंतर हात मागेच राहिला आणि दोरीने त्याला धरून ठेवलं. पंखाच्या टोकाला दोरी गुंतली तर झटका गरजेपेक्षा मोठा होता. बहुतेक माणसं गिरकी जमत नाही म्हणून झटका वाढवत जातात. कमी करा. चुटकी वाजवण्याएवढा जोर पुरतो, बाकीचं काम ढील करते.

आडव्या उड्डाणातूनच अर्धी गिरकी घेता येते. पतंग डावीकडे जातोय, उजवा पंख वर. हात जरा पुढे करून वेग काढा, उजवा झटका, ढील. पतंग पोटावर फिरून उजवीकडे तोंड करून निघतो. हेच लगेच डाव्या हाताने, मग उजव्या हाताने, असं सलग केलं की पतंग पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. याला कॅस्केड म्हणतात. त्याची लय हाताने साधण्याआधी पायाने साधते. प्रत्येक झटक्याला एक पाऊल पुढे. म्हणूनच पुढे, पतंगाच्या पलीकडे वीस-पंचवीस मीटर मोकळी जागा राखून सुरुवात करावी.

पाठीवर

कासव, म्हणजे टर्टल: पतंग घुमटाच्या वरच्या भागात थांबवा, दोन्ही हातांनी एकदम सारखा झटका द्या आणि पूर्ण ढील सोडा. पतंग मागे कलंडून पाठीवर पडतो, नाक तुमच्यापासून दूर. त्या अवस्थेत एका दोरीला नुसतं टिचकी मारल्यासारखं ओढलं की तो पाठीवरच गरगर फिरतो. दोन्ही दोऱ्या एकसारख्या खेचल्या की नाक वर येऊन उडू लागतो. दोन हातांचे झटके सारखे नसले तर तो एका कुशीवर पडतो आणि कन्नी पंखात अडकते.

फेड याच्या उलट. पतंग पाठीवर, पण नाक तुमच्याकडे. वरून सरळ खाली सूर मारू द्या, मध्यावर दोन्ही हात पुढे टाकून वेग काढा, आणि तो चपटा होत असतानाच दोन्ही दोऱ्यांना सारखा छोटा झटका, पुन्हा ढील. जमलं तर पतंग पाळण्यासारखा डोलत तरंगतो. तो टिकवायला डावा-उजवा-डावा असे इवलेसे स्पर्श करत हळूहळू मागे चालायचं. फेड पंधरा सेकंद धरता येणं हे हात तयार झाल्याचं खरं लक्षण. बॅकस्पिन, फ्लिक-फ्लॅक वगैरे पुढच्या करामती याच अवस्थेतून निघतात. पतंग फेडमध्ये टिकतच नसेल तर शेपटात ५ ग्रॅम वजन वाढवून पाहा. २० च्या वर गेलात तर हलक्या वाऱ्यात तो उठायला कुरकुरतो.

यो-यो सगळ्यात शेवटी शिका. कासवातून दोन्ही हातांनी जोरात खेचून लगेच ढील दिली की पतंग पूर्ण उलटून दोऱ्या पुढच्या कडांभोवती एक फेरा घेतात. तशाच गुंडाळलेल्या दोऱ्यांवर तो उडतो, फक्त वळणं सुस्त होतात. हा फेरा उलट दिशेने सोडवता येईपर्यंत उंचावर, मऊ गवताच्या वरच सराव करा.

कन्नीचं गणित

कन्नीची वरची गाठ नाकाकडे सरकवली की पतंग वेगवान होतो, ओढ कमी, हलक्या वाऱ्यात उठतो, पण थांबायला कुरकुर करतो. शेपटाकडे सरकवली की ओढ वाढते, वळणं आखूड होतात, थांबणं सोपं होतं. फार खाली नेली तर उठतच नाही. करामतीसाठी कारखान्याच्या खुणेपासून तीनेक मिलिमीटर खाली घेऊन पाहा. एका वेळी ३ मिलिमीटरच, आणि दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं. मूळ जागी बारीक पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे परत येता येईल.

मोडतोड

कापडातलं भोक दोन्ही बाजूंनी रिपस्टॉपची चिकटपट्टी लावून बंद होतं. चिकटपट्टीचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा उचलला जातो. नळी मोडली तर आधी फाटलेल्या जागी कागदी टेप गुंडाळा, मग बारीक दाताच्या करवतीने कापा. कार्बनचे तुसे बोटात गेले तर दिसत नाहीत आणि निघत नाहीत. धूळ नाकात जाऊ नये म्हणून रुमाल बांधा आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपा. सुटी नळी येईपर्यंत बांबूची कामटी तासून नळीच्या आत दोन्हीकडे चार-चार सेंटीमीटर बसेल अशी करा, फेविक्विक लावा, वरून दोरा गच्च गुंडाळून त्यावरही फेविक्विक. वजन वाढतं, पतंग त्या बाजूला थोडा झुकतो, पण वळणांचा सराव थांबत नाही.

दोरी धुळीने खरखरीत होते आणि मग पीळ सरकत नाहीत. महिन्यातून एकदा साध्या पाण्यात बुडवून, फडक्यातून ओढून, सावलीत वाळवा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत पतंग ठेवू नका, गोंदाने बसवलेले जोड सैल होतात. गुंडाळताना दोन्ही दोऱ्या एकत्र, पतंगाकडच्या टोकापासून सुरू करून, चपट्या फळीवर आठच्या आकड्यात गुंडाळा. पट्ट्यांकडचं टोक सगळ्यात वर राहील आणि पुढच्या वेळी खुंटी ठोकून चालत निघालात की दोरी एकही गुंता न होता सुटेल.